प्रोफेसर डॅनियल जोन्स

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या मुलांस एक अनुभव हटकून येतो. धडा अर्थासह आलेला असतो, शब्दांची स्पेलिंगे बिनचूक पाठ असतात, व्याकरणाच्या परीक्षेत गुणही बरे पडतात. परंतु एखाद्या इंग्रज गृहस्थाचे बोलणे रेडिओवर अथवा समक्ष ऐकण्याचा प्रसंग आला म्हणजे ओळखीचे शब्द एकाएकी अनोळखी होतात. छापील ओळीत जे शब्द सुटे व स्वच्छ उभे असतात, ते बोलण्यात एकमेकांत विरघळून गेलेले असतात. मग मुलांस वाटते की साहेब फार भरभर बोलतो, आणि काही पालकांस वाटते की शाळेत इंग्रजी नीट शिकवीत नाहीत. दोन्ही समजुती अर्ध्यामुर्ध्या खऱ्या आहेत.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एका मुलीने मोठ्याने वाचताना 'ब्रेड ॲण्ड बटर' ह्या तीन शब्दांचा उच्चार 'ब्रेडन्बटर' असा केला. ती घरी रेडिओवरील इंग्रजी बातम्या ऐकत असे, तेथून तिच्या कानी हा उच्चार आला असावा. आम्ही तिला थांबविले. मधला शब्द अखंड व स्पष्ट उच्चारावयास लाविले, आणि तेवढ्याने समाधान न होऊन तो तीन वेळा म्हणवून घेतला. वर्ग हसला. मुलगी खाली बसली व पुढे बरेच दिवस तिने मोठ्याने वाचण्यास हात वर केला नाही. नंतर एका उन्हाळ्याच्या सुटीत इंग्रजी उच्चारांचा एक कोश आमच्या हाती आला. त्यात हा लहानसा शब्द काढून पाहतो तो त्याखाली एक सोडून अनेक उच्चार छापलेले, आणि त्यांत त्या मुलीचा उच्चार होता! आमचाही होता, पण तो शब्दावर मुद्दाम जोर द्यावयाचा असेल तेव्हापुरता. त्या कोशाचे कर्ते प्रोफेसर डॅनियल जोन्स. ज्या मनुष्याने आम्हांस आमची चूक दाखविली त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, ही इच्छा तेव्हापासून मनात होती.

जोन्स ह्यांचा जन्म लंडन शहरी १२ सप्टेंबर १८८१ रोजी झाला. वडील बॅरिस्टर होते, आणि विंबल्डन येथील ज्या क्लबाचे टेनिसचे सामने आज जगभर पाहिले जातात त्या क्लबाच्या स्थापनेत त्यांचा हात होता. मातुल घराणे नाट्यव्यवसायातील होते. लंडनच्या रंगभूमीवर संगीत नाटके आणून नाव कमावलेले रिचर्ड डॉयली कार्ट हे जोन्स ह्यांचे सख्खे मामा. म्हणजे एका बाजूस कायदा आणि दुसऱ्या बाजूस गाणे. मुलाने वडिलांच्या वाटेने जावे असे घरच्यांस वाटणे साहजिकच होते. केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजात त्यांनी गणित घेऊन १९०३ साली पदवी मिळविली, पुढे कायद्याचा अभ्यास केला व १९०७ साली ते बॅरिस्टरही झाले. परंतु वकिली त्यांनी एक दिवसही केली नाही.

ह्याचे कारण त्यांच्या एकोणिसाव्या वर्षी घडलेल्या एका प्रवासात आहे. सन १९०० मध्ये जर्मन भाषा शिकण्याकरिता ते मारबुर्ग ह्या गावी विल्यम टिली नावाच्या गृहस्थांच्या संस्थेत जाऊन राहिले. हे टिली मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि शिस्तीला मोठे कडक. त्यांच्या संस्थेत विद्यार्थ्यांस आपसांतदेखील इंग्रजी बोलण्याची बंदी होती. परकी भाषा पुस्तकातून शिकण्यापूर्वी तिचे ध्वनी कानाने ओळखावे व जिभेने वठवावे, हा तेथील पाठ. जोन्स ह्यांस आयुष्यभराचा विषय येथे सापडला. पुढे १९०५-०६ साली त्यांनी पॅरिस येथे पॉल पासी ह्या ध्वनिशास्त्रज्ञाजवळ शिष्यत्व केले. जगातील सर्व भाषांचे उच्चार एकाच लिपीत उतरविता यावे म्हणून जी आंतरराष्ट्रीय संस्था १८८६ साली निघाली तिचे हे पासी संस्थापक. ते मोठे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. त्यांचे वडील फ्रेडरिक पासी ह्यांस शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली विभागून मिळाले होते. गुरुशिष्यांचा हा संबंध पुढे नात्यातही उतरला. पासी ह्यांची भाची सिरील मॉट हिच्याशी जोन्स ह्यांचा विवाह १९११ साली झाला.

सन १९०७ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जोन्स ध्वनिशास्त्र शिकवू लागले. प्रारंभी काम अर्धवेळ होते व विषयास मान थोडा होता. व्याकरण, काव्य, भाषांतर ह्यांस विद्वत्ता म्हणत. उच्चार ही घरच्या दाईकडून शिकण्याची गोष्ट समजली जाई. अशा काळात त्यांनी इंग्रज लोक खरोखर कसे बोलतात हे लिहून काढावयास घेतले. शब्द कसा बोलावा हे सांगणारे पूर्वी अनेक होऊन गेले होते. आपल्या कानाने जे ऐकले तेच कागदावर ठेवणारे मात्र फार थोडे. त्यांत हेन्री स्वीट (१८४५–१९१२) हे अग्रणी होत, आणि त्यांचा वारसा जोन्स ह्यांनी चालविला.

ह्या शोधात त्यांस सर्वांत अधिक वेळा जो स्वर भेटला त्याची ओळख करून दिल्यावाचून त्यांच्या कार्याची थोरवी कळणार नाही. इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोराचा आघात पडतो. त्या आघाताखालचा स्वर पूर्ण व ठसठशीत उमटतो. बाकीच्या अवयवांच्या वाट्यास वेळही थोडा येतो व श्वासाचा जोरही थोडा. शेतात डवरा चालविताना घाई झाली म्हणजे बैल धुऱ्यापर्यंत न जाता अलीकडेच वळतो, हे आमच्या मुलांनी पाहिलेले आहे. जिभेचेही तसेच. 'ई' करिता तिला पुढे व वर जावयाचे असते, 'ऊ' करिता मागे व वर, 'आ' करिता तळाशी. वेळ अपुरा असला म्हणजे ती ह्या टोकांपर्यंत पोचत नाही. तोंडाच्या मध्यभागी जराशी हलून परत फिरते. अशा वेळी बहुतेक निरनिराळे स्वर एकाच मध्यम, अंधुक ध्वनीत मिळून जातात. स्पेलिंगमध्ये ए असो, ई असो, ओ असो की यू असो, कानावर पडते ते जवळजवळ एकच. इंग्रजी बोलण्यात सर्वांहून अधिक वेळा येणारा स्वर तो हाच. विद्वान लोक त्यास 'श्वा' म्हणतात. हे नाव हिब्रू भाषेच्या व्याकरणातून आलेले आहे. जुन्या कराराच्या हिब्रू पाठात अक्षराखाली एकावर एक दोन टिंबे देऊन ही खूण करितात. ध्वनिलिपीत मात्र रोमन लिपीतील ई हे लहान अक्षर उलटे करून तो दाखवितात.

आता मौज पाहा. ज्या स्वरासाठी इंग्रजी वर्णमालेत अक्षर नाही, ज्याचे नाव हिब्रूतून आणावे लागले व ज्याची खूण अक्षर उलटे करून बनवावी लागली, तो स्वर आमच्या मुळाक्षरांचे पहिलेच अक्षर आहे. 'कर', 'घर', 'मन' ह्या शब्दांतील आमचा 'अ' इंग्रजांच्या ह्या दुबळ्या स्वराच्या अगदी शेजारी बसतो. आमच्या पूर्वजांस ह्याची जाण किती बारीक होती, हे पाणिनीच्या अष्टाध्यायीवरून दिसते. व्याकरणाच्या सोयीसाठी पाणिनीने ह्रस्व अकार दीर्घ आकाराप्रमाणेच विवृत, म्हणजे उघडा, मानला. परंतु प्रत्यक्ष बोलण्यात तो संवृत, म्हणजे काहीसा मिटलेला, असतो, ही गोष्ट त्याने ग्रंथाच्या अगदी शेवटच्या सूत्रात नमूद करून ठेविली. एवढा प्रचंड ग्रंथ संपवावयाचा तो एका अकारावर! असो.

तात्पर्य, जो ध्वनी फ्रेंच अथवा स्पॅनिश मुलास कष्टाने शिकावा लागतो तो मराठी मुलाच्या जिभेवर जन्मापासून आहे. तथापि इंग्रजी बोलताना तो आम्ही वापरीत नाही. कारण आम्ही इंग्रजी कानाने शिकत नाही, डोळ्यांनी शिकतो. आमची लिपी अशी की लिहिलेला स्वर बहुधा तसाच बोलावयाचा. ती सवय आम्ही रोमन अक्षरांवर लादतो. केळ्याचा इंग्रजी शब्द घ्या. त्यात ए हे एकच अक्षर तीन वेळा आले आहे म्हणून आम्ही 'बनाना' असे शेवटपर्यंत ताणतो. इंग्रजाच्या तोंडी मधलाच स्वर तेवढा लांब असतो, पहिला व शेवटला दोन्ही आमच्या अकारासारखे. त्याचा शब्द 'बनान' ह्याच्या जवळ जातो, मात्र शेवटचा 'न' हलन्त नव्हे. छायाचित्राला आम्ही 'फोटोग्राफ' म्हणतो, तो म्हणतो 'फोटग्राफ'. आणि छायाचित्रकार म्हणावयाचे झाले की आघात पुढे सरकतो व त्याबरोबर सगळे स्वर आपली वस्त्रे बदलतात: 'फटॉग्रफ'. पहिल्या शब्दात जो 'ओ' राजासारखा बसला होता तो दुसऱ्यात अकार होऊन दाराशी उभा!

लहान शब्दांची गोष्ट तर ह्याहून महत्त्वाची आहे. कॅन ह्या साहाय्यक क्रियापदाचा उच्चार वाक्याच्या मध्ये 'कन्' असा होतो. त्याचे नकारार्थी रूप दक्षिण इंग्लंडात 'कान्ट' असे बोलतात, व त्यातला शेवटचा 'ट' घाईत पुष्कळदा ऐकूच येत नाही. आता आमचा एखादा विद्यार्थी मी उद्या येऊ शकेन असे सांगताना प्रत्येक शब्दावर सारखा जोर देऊन 'कॅन' ठणकावून म्हणाला, तर ऐकणारा इंग्रज क्षणभर घोटाळ्यात पडतो. हा येणार म्हणतो की नाही म्हणतो? दुर्बळ स्वर होकाराची खूण आहे आणि सबळ स्वर नकाराची अथवा हट्टाची. म्हणजे स्वर दुबळा करणे हा येथे गबाळेपणा ठरत नाही. अर्थच त्यावर टांगलेला असतो.

ह्याच मुद्द्यावर जोन्स ह्यांस एका थोर पुरुषाचा रोष पत्करावा लागला. तो प्रसंग त्यांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. रॉबर्ट ब्रिजेस हे त्या काळचे मान्यवर कवी. ते प्रथम डॉक्टर होते, लंडनच्या रुग्णालयांत त्यांनी काम केले होते, नंतर वैद्यक सोडून त्यांनी काव्यास वाहून घेतले, व १९१३ साली ते राजकवी झाले. जोन्स ह्यांनी इंग्रजी गद्यातील वेचे ध्वनिलिपीत उतरवून १९०७ साली एक लहान पुस्तक काढले होते. ते पाहून ब्रिजेस अत्यंत अस्वस्थ झाले. इंग्रजीच्या सद्यःस्थितीवर त्यांनी १९१० साली एक निबंध लिहिला, आणि १९१३ साली तो स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाला. त्यांची तक्रार अशी की ह्या लिप्यंतरात ओळीमागून ओळ तोच एक उलटा ई दिसतो. इंग्रजीचे नाना रंगांचे स्वर एका राखाडी रंगात बुडून गेले आहेत. लोक घाईत असे बोलत असतीलही. परंतु ते छापून मुलांच्या हाती दिले म्हणजे आळसाला शाळेची संमती मिळते, आणि दोन पिढ्यांत भाषेचे सौंदर्य लोपते. त्यांनी नुसती टीका केली नाही. ज्यात लिखित स्वराची ओळख अजिबात पुसली जाणार नाही अशी स्वतःची एक देखणी ध्वनिलिपीही त्यांनी बनविली.

आम्ही वर्गात त्या मुलीस थांबविले तेव्हा न कळत ब्रिजेस ह्यांच्याच पक्षाचे होतो. कवीची भीती पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. प्रार्थना म्हणताना, काव्य वाचताना, भरल्या सभेत बोलताना स्वरांस थोडे अधिक अन्न घालावे लागते, हे कोणीही कबूल करील. जोन्स ह्यांनीही ते नाकारले नव्हते. आरंभीच्या पुस्तकांतच त्यांनी सभेतील पठण, बेताचे संभाषण व घरगुती घाईचे बोलणे अशा निरनिराळ्या पायऱ्या मानल्या होत्या. त्यांचे म्हणणे इतकेच की उत्तम शिकलेले लोकही आपसांत जसे बोलतात त्याची नोंद खरी असावी. वैद्य नाडी पाहतो तेव्हा ती जशी चालते तशी सांगतो, कशी चालावी हे त्याच्या मनात असले तरी. हा दृष्टान्त आमचा आहे. कवी स्वतः वैद्य असल्याने त्यांस तो रुचला असता की नाही, कोण जाणे.

तरुणपणी जोन्स हेही शिफारशी करीत असत, अमुक उच्चार चांगला व अमुक वाईट असे लिहीत असत. पुढे वय व अनुभव वाढला तसतसे त्यांनी न्यायाधीशाचे काम सोडून दिले व साक्षीदाराचे पत्करले. बॅरिस्टराच्या मुलाने व स्वतः बॅरिस्टर झालेल्या मनुष्याने असे करावे ह्यात एक गंमत आहे.

ह्या वादाचा शेवट कटुतेत झाला नाही. लंडनच्या बीबीसी ह्या नभोवाणी संस्थेने निवेदकांच्या उच्चारांबाबत सल्ला देण्यास १९२६ साली एक समिती नेमली. अध्यक्ष रॉबर्ट ब्रिजेस, आणि सभासदांत डॅनियल जोन्स! नाटककार बर्नार्ड शॉ हेही त्याच टेबलाभोवती होते, व ब्रिजेस १९३० साली वारल्यावर अध्यक्षपद शॉ ह्यांच्याकडे आले. समितीचे चिटणीस आर्थर लॉइड जेम्स हे जोन्स ह्यांचे शिष्य.

शॉ ह्यांचे नाव निघाले म्हणून सांगतो. उच्चार सुधारून एका फुले विकणाऱ्या मुलीस मोठ्या घरची बाई करून दाखविणाऱ्या प्रोफेसरावर त्यांनी 'पिग्मेलियन' हे नाटक लिहिले. लंडनच्या रंगभूमीवर ते १९१४ साली आले. ह्या प्रोफेसराच्या प्रस्तावनेत शॉ ह्यांनी हेन्री स्वीट ह्यांचे नाव घेतले आहे. परंतु पात्रात जोन्स ह्यांचाही अंश असावा असे अनेक अभ्यासकांस वाटते. पु. ल. देशपांडे ह्यांनी त्याच कथेवरून 'ती फुलराणी' रचली व १९७५ साली ती मराठी रंगभूमीवर आली, हे आमच्या पालकवर्गास सांगावयास नको. आम्हांस इतकेच नमूद करावयाचे आहे की नाटकातला प्रोफेसर जितका तोंडाळ व तापट, तितके जोन्स शांत, नीटनेटके व मितभाषी होते. त्यांची प्रकृती नाजूक असे, आणि थिऑसॉफी पंथाकडे त्यांचा ओढा होता.

त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे १९१७ साली निघालेला इंग्रजी उच्चारकोश. त्याआधी १९१३ साली हर्मन मिखाएलिस ह्यांच्यासमवेत त्यांनी एक चमत्कारिक कोश काढला होता. त्यात शब्द स्पेलिंगच्या नव्हे तर उच्चाराच्या क्रमाने लाविले होते. शब्द ऐकला असेल पण पाहिला नसेल त्याने तो पाहावा. चार वर्षांनी त्यांनी क्रम फिरविला. नव्या कोशात शब्द नेहमीच्या स्पेलिंगने शोधावयाचा व शेजारी त्याचा ध्वनी पाहावयाचा. लहान लहान शब्दांची सबळ व दुर्बळ रूपे त्यात वेगवेगळी दिली आहेत. ही सोय आमच्यासारख्या दूरस्थ विद्यार्थ्यांस वरदानच ठरली. कोशातील उच्चार दक्षिण इंग्लंडातील सुशिक्षित कुटुंबांचा होता. तो इतरांहून श्रेष्ठ आहे असा दावा त्यांनी केला नाही. कोशाच्या अनेक आवृत्त्या त्यांनी स्वतः सुधारल्या, आणि त्यांच्या मागे शिष्यांनी व इतरांनी ते काम चालविले. अठरावी आवृत्ती २०११ साली निघाली.

त्याच १९१७ साली त्यांनी आणखी एक धाडस केले. स्वर बोलताना जीभ नेमकी कोठे असते हे पाहण्याकरिता जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवून क्ष-किरणांनी छायाचित्रे घेविली. तोंडाच्या पोकळीच्या टोकांवर त्यांनी आठ मूलस्वर बसविले. जमीन मोजणारा जसे आधी चार कोपऱ्यांस दगड रोवतो तसे हे आठ दगड. मग कोणत्याही भाषेचा स्वर त्यांच्या मानाने कोठे पडतो हे सांगता येते. हे मूलस्वर त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीवर भरून ठेविले. तथापि ते पुस्तकावरून येणार नाहीत, गुरूच्या तोंडून ऐकूनच शिकले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. वेदपठणाची परंपरा ज्या देशात आहे तेथील वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही. वर्गात ते निरर्थक शब्द सांगून विद्यार्थ्यांकडून ध्वनिलिपीत लिहवून घेत. अर्थ कळला म्हणजे कान आळशी होतो, म्हणून अर्थच काढून टाकावयाचा!

सन १९२१ मध्ये ते ध्वनिशास्त्राचे प्रोफेसर झाले. ब्रिटनमधील कोणत्याही विद्यापीठात ह्या विषयाची प्रोफेसरी तोपर्यंत नव्हती. त्यांच्या हाताखाली देशोदेशीचे लोक शिकून गेले. दक्षिण आफ्रिकेतील सोल प्लाते ह्यांच्यासह त्यांनी सेचुआना भाषेचे वाचनपुस्तक १९१६ साली काढले. आपल्या देशाशीही त्यांचा संबंध बराच होता. १९१२-१३ च्या सुमारास ते व्याख्यानांकरिता हिंदुस्थानात येऊन गेले होते. बंगालचे सुनीतिकुमार चटर्जी १९१९ ते १९२१ ह्या काळात लंडनमध्ये होते, तेव्हा त्यांनी ध्वनिशास्त्राचे धडे जोन्स ह्यांच्याजवळ घेतले. हिंदुस्थानासाठी एक राष्ट्रीय लिपी कोणती असावी ह्यावर जोन्स ह्यांची पुस्तिका १९४२ साली लखनौ येथे छापली गेली. तीत त्यांनी रोमन अक्षरांवर आधारलेली लिपी सुचविली होती. त्यांची ही सूचना आम्हांस पटत नाही. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 'करतो' हा शब्द रोमन लिपीत लिहावयास बसले म्हणजे 'र' नंतर अकार लिहावा की नाही हा प्रश्न पडतो, आणि मग प्रथमच ध्यानात येते की आम्ही 'कर्तो' असे बोलतो. देवनागरीत तो अकार अक्षराच्या पोटात दडलेला असतो, म्हणून त्याचे जाणे आम्हांस दिसत नाही.

म्हणजे स्वर दुबळे करण्याची वृत्ती इंग्रजांचीच नव्हे. आमच्याच गावाचे नाव घ्या. आम्ही वाशीम जिल्ह्यातले मालेगाव म्हणतो, नाशिककडचे नव्हे, हे पत्त्यावर नेहमी लिहावे लागते; पण 'मालेगाव' ह्यातील शेवटचा अकार लिहितो तेवढाच, बोलतो मात्र 'मालेगाव्'. 'कापूस' हा तर आमच्या वऱ्हाडचा जीव की प्राण. त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला की 'कापसाला' होते: 'पू' मधला दीर्घ ऊकार आधी अकार झाला, आणि बोलताना तोही गळून 'काप्साला' उरले. 'माणूस' व 'माणसाला', 'लाकूड' व 'लाकडाला' ह्यांची कथा हीच. ज्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडितांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात अशा स्वरविकारांचा इतिहास लाविला. तो ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला, व वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर १९४१ साली निघाले. भेद एवढाच की इंग्रजीत स्वर आघाताच्या हुकमाने दुबळा होतो, आमच्याकडे बहुधा शब्दातील जागेवरून. मराठीत आम्ही 'कापूसाला' असे कोणी म्हटले तर हसतो. आणि इंग्रजीत प्रत्येक स्वर भरून बोलणाऱ्यास मात्र शाबासकी देतो.

घरी वऱ्हाडी बोलणारी मुले 'डोळा' ह्यास 'डोया' म्हणतात म्हणून काही पालक त्यांस चारचौघांत दटावतात, हेही येथे आठवते. शाळेच्या लेखी भाषेत 'डोळा' लिहावयास शिकविणे आमचे कामच आहे. पण मुलगा 'डोया' म्हणतो तो आळसाने नव्हे. त्याच्या आजीच्या बोलीचा तो पक्का नियम आहे, आणि त्या नियमाची नोंद जोन्स ह्यांनी मोठ्या आनंदाने घेतली असती.

सन १९४९ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संस्थेचे चिटणीसपद त्यांनी १९२८ पासून सांभाळले होते. १९५० पासून अखेरपर्यंत ते तिचे अध्यक्ष होते. इंग्रजी स्पेलिंग सोपे करण्यासाठी झटणाऱ्या मंडळाचेही ते १९४६ पासून अध्यक्ष होते. त्या कामास मात्र यश आले नाही. स्पेलिंगे जेथल्या तेथे आहेत व आमची मुले ती पाठ करीतच आहेत. ज्याने दुबळ्या स्वरांची एवढी बाजू घेतली त्यास ते लिपीत स्वतंत्र अक्षराने उतरावे असे वाटणे योग्यच होते. परंतु विचार केला असता, 'फोटोग्राफ' व 'फोटोग्राफर' ह्यांचे नाते डोळ्यांस दिसते ते स्पेलिंग न बदलल्यामुळेच. ह्या एका बाबतीत आम्ही अद्याप ब्रिजेस ह्यांच्या बाजूचे आहोत.

गेरार्ड्स क्रॉस ह्या गावी ४ डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, जोन्स ह्यांचे देहावसान झाले. कोशाच्या सुधारणेचे काम त्यांच्या उतारवयातही चालूच होते.

आमच्या वर्गातील ती मुलगी आता संसारी आहे व तिची स्वतःची मुले इंग्रजी शिकत आहेत. तिला त्या दिवसाची आठवण असेल किंवा नसेल. ह्या अंकाची एक प्रत तिच्या पत्त्यावर पाठविण्याचे आम्ही ठरविले असून, सोबतच्या चिठ्ठीत तिचा तो जुना उच्चार बरोबर होता असे लिहिले आहे.